दीड युरोचा फरक

आयर्लंडमध्ये जूनच्या पहिल्या सोमवारी बँक हॉलिडे असतो आणि त्यानंतरच्या बुधवारी लीव्हिंग सर्टिफिकेटची परीक्षा सुरू होते. वर्षभर पावसाने भिजवणाऱ्या या देशात नेमकं त्याच आठवड्यात ऊन पडतं, असा इथल्या लोकांचा ठाम समज आहे. त्याला ते चक्क 'लीव्हिंग सर्ट वेदर' म्हणतात. बाहेर लख्ख ऊन आणि मुलं आत हॉलमध्ये मान खाली घालून बसलेली. बुधवारी इंग्रजी, आणि शुक्रवारी दुपारी ज्याची सगळ्यांना धास्ती असते तो गणिताचा पहिला पेपर. दुपारी दोन ते साडेचार.

दोन-तीन वर्षांपूर्वीच्या अशाच एका शुक्रवारी मी पश्चिम डब्लिनमधल्या एका शाळेबाहेर गाडी लावून उभा होतो. माझी मावसबहीण, म्हणजे आमची ताई, लुकनला राहते. तिला आणि भावोजींना दोघांनाही त्या दिवशी सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून भाचीला आणायचं काम माझ्याकडे आलं होतं. शिवाय वर्षभर दर रविवारी मीच तिला गणित शिकवत होतो. कॉम्प्युटर इंजिनिअर मामा असताना बाहेर ग्राइंड्स कशाला लावायच्या, असं ताईचं म्हणणं. ग्राइंड्स म्हणजे इथली खासगी शिकवणी. तेव्हा खरं सांगायचं तर तो पेपर थोडासा माझाही होता.

साडेचारला मुलं बाहेर आली. त्यानंतरची पंधरा मिनिटं पाहून मी थेट सांगलीत, माझ्या सीईटीच्या दिवशी पोहोचलो. भिंतीला टेकून घोळका जमला. "तुझं किती आलं?" "सी भागात तू काय केलंस?" एकजण डोक्याला हात लावून खाली बसला. एक मुलगी फोनवर आईला सांगत होती की संपलं सगळं. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेला चिकन फिलेट रोल हातात तसाच धरून दोघंजण एका आकड्यावर भांडत होते. भाषा वेगळी, युनिफॉर्म वेगळा, पण चेहरे तेच.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. लीव्हिंग सर्ट म्हणजे आपली बारावी आणि सीईटी एकत्र समजा. शंभर वर्षांची जुनी परीक्षा आहे. वेगळी प्रवेश परीक्षा इथे बहुतेक अभ्यासक्रमांना नसते. सर्वांत चांगल्या सहा विषयांचे पॉइंट्स मोजतात आणि गॉलवेमधलं सीएओ नावाचं कार्यालय त्यावर कॉलेजचे प्रवेश ठरवतं. हायर लेव्हलला नव्वद टक्क्यांच्या वर गुण म्हणजे एच-१, त्याचे १०० पॉइंट्स. गणिताला मात्र खास मान आहे. २०१२ पासून हायर लेव्हल गणितात निदान चाळीस टक्के मिळाले की २५ पॉइंट्स जादा मिळतात. म्हणून कमाल बेरीज ६०० नसून ६२५ होते. या पंचवीस पॉइंट्समुळे झालं असं, की पूर्वी सहा मुलांमागे जेमतेम एक मूल हायर लेव्हल गणित घ्यायचं, ते आता तिघांमागे एकाहून जास्त झालं. म्हणजे ज्यांना गणिताची फार आवड नाही, तीही मुलं शुक्रवारी दुपारी त्या हॉलमध्ये असतात, कारण पंचवीस पॉइंट्स सोडवत नाहीत.

पेपर दोन. शुक्रवारचा पहिला ३०० गुणांचा. त्यात बीजगणित, कॅल्क्युलस, श्रेढी, कर्ज-व्याजाची गणितं. सोमवारी सकाळी दुसरा, तोही ३०० गुणांचा. त्यात भूमिती, त्रिकोणमिती, संभाव्यता, संख्याशास्त्र. मधे शनिवार-रविवार. हे दोन दिवस फार नाजूक असतात, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. इथल्या शिक्षकांना ते पक्कं माहीत असतं. भाचीच्या वर्गात सगळ्यांना बजावून सांगितलं होतं, "नो पोस्टमॉर्टेम्स." पेपर झाला, दप्तर उचला, घरी जा. उत्तरं जुळवत बसू नका.

मी हे ऐकलं होतं आणि मनात हसलो होतो. उत्तरं न जुळवता माणूस घरी जातो कसा?

आमच्या घरी पेपर संपला म्हणजे अर्धाच संपलेला असायचा. वडील शाळेत शिक्षक. २००६ साली सीईटीचा गणिताचा पेपर देऊन आलो, तेव्हा ते ओट्यावर पेन्सिल आणि पाठकोरा कागद घेऊन तयारच होते. पन्नास प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, चार पर्याय. केंद्राबाहेरच्या रसवंतीवर आम्ही सहा-सात जणांनी आधीच एक फेरी केली होती. वर्गातला सर्वांत हुशार मुलगा जे सांगेल ते बरोबर, बाकी सगळे चूक, असा तिथला कायदा होता. घरी येऊन वडिलांनी आठवतील तितके प्रश्न पुन्हा लिहायला लावले. त्यांची बेरीज आली ७४. त्या रात्री घरात कोणी कोणाशी फार बोललं नाही. आईने केलेली आमटी तशीच राहिली. पुढे निकालात ८२ आले. मधले ते काही आठवडे मात्र ७४ गुण मिळवलेला मुलगा म्हणून मी घरात वावरलो. हे मी विसरलो होतो, किंवा मला ते गैर वाटलंच नव्हतं. पेपर म्हणजे असंच असतं, एवढंच डोक्यात बसलं होतं.

तर भाची गाडीत बसली. चेहरा बरा होता. "ठीक गेला," म्हणाली. लुकनला पोहोचेपर्यंत मी कसाबसा गप्प बसलो. घरी आल्यावर सांगलीहून मावशीचा व्हिडिओ कॉल आला. इथे पाच वाजून गेले होते, म्हणजे तिकडे रात्रीचे साडेनऊ-दहा. मावशीने पहिला प्रश्न विचारला, "काही खाल्लंस का गं?" मला वाटलं, मावशी आता थकली, पेपरचं विचारायचं विसरली.

मग ते काम मी केलं. चहा झाल्यावर म्हटलं, "बघू तरी, कर्जाच्या गणिताचं काय आलं तुझं?"

तिने आठवून सांगितलं. आकडे मी इथे सोपे करून लिहितो. समजा वीस हजार युरोचं कर्ज, पाच वर्षांची मुदत, वर्षाला सहा टक्के एईआर, दर महिन्याला सारखा हप्ता. हप्ता किती? ती म्हणाली, "३८५ युरो १८ सेंट." मी कागदावर मांडलं. सहा टक्के भागिले बारा, म्हणजे महिन्याला अर्धा टक्का. साठ हप्ते. उत्तर आलं ३८६ युरो ६६ सेंट.

"चुकलं की गं," मी म्हणालो.

"मामा, बाराने भागायचं नसतं. त्यात एईआर लिहिलं होतं. बारावं मूळ काढायचं."

"बारावं मूळ कशाला? मी दर महिन्याला घराचा हप्ता भरतो, मला नाही का माहीत? बँका बारानेच भागतात."

आता हे वाक्य आठवलं तरी कानकोंडं होतं. मी तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, इंजिनिअर, वर्षभर तिला शिकवणारा. ती गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे पूर्ण प्रश्नच गेला. पुढचे दोन भाग त्याच्यावरच होते." आणि वर निघून गेली. ताई कामावरून आली तेव्हा दार बंद होतं. जेवायला खाली आली नाही. रात्री ताईचा मेसेज आला, "रडतेय. सोमवारी पेपरला बसायचंच नाही म्हणते. तू काय बोललास तिला?"

त्या रात्री मलाही झोप लागेना. पहाटे उठून लॅपटॉप उघडला. स्टेट एक्झामिनेशन्स कमिशन, म्हणजे अथलोनचं परीक्षा आयोग, जुने पेपर आणि त्यांच्या तपासणीच्या मार्किंग स्कीम वेबसाइटवर सगळ्यांसाठी खुल्या ठेवतं. जुन्या वर्षांतली कर्जाची गणितं शोधून काढली. तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं: आधी एक अधिक वार्षिक दर, त्याचं बारावं मूळ, त्यातून एक वजा, तो महिन्याचा दर. भाचीने केलं होतं अगदी तसंच.

आणि विचार केला तर तिचं म्हणणं सरळ होतं. महिन्याला अर्धा टक्का लावला, तर व्याजावर व्याज चढून वर्षाच्या शेवटी ते सहा टक्के राहत नाही, ६.१७ टक्के होतं. एईआर म्हणजे वर्षाअखेरचा खरा परिणामी दर. तो सहाच हवा असेल, तर महिन्याचा दर अर्ध्या टक्क्यापेक्षा थोडा कमी, सुमारे ०.४८७ टक्के धरावा लागतो. भारतातला ईएमआय काढताना आपण वार्षिक दर सरळ बाराने भागतो, कारण तिथे सांगितलेला दरच वेगळ्या प्रकारचा असतो. म्हणजे माझी रीत एका प्रश्नासाठी बरोबर होती, पण तो प्रश्न पेपरात विचारलेलाच नव्हता. ऑफिसमध्ये नवीन मुलांना मी रोज सांगतो, की दुसऱ्याचा कोड चुकलाय म्हणण्याआधी काय मागितलंय ते वाच. एईआर हा शब्द तिने मला दोनदा ऐकवला होता. मी ऐकलाच नाही.

एक युरो ४८ सेंट. दीड युरोच्या फरकासाठी मी एका मुलीची रात्र घालवली होती.

शनिवारी सकाळी नऊला लुकनला गेलो. भाची स्वयंपाकघरात संभाव्यतेचं पुस्तक समोर ठेवून खिडकीबाहेर बघत बसली होती. मी म्हणालो, "तुझं उत्तर बरोबर होतं. माझं चुकलं. सॉरी."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस."

हे मला जास्त लागलं. काल मी चूक सांगितली तेव्हा तिने विश्वास ठेवला, आणि आज खरं सांगतोय तर ठेवत नाही. शेवटी मार्किंग स्कीमची पानं तिच्यासमोर ठेवली. तिने दोनदा वाचली, स्वतः कॅल्क्युलेटरवर आकडे घालून पाहिले, आणि मग पहिल्यांदा हसली. "तुझ्या बँकेला विचार मग," म्हणाली.

त्याच पानांवरून मला आणखी एक गोष्ट कळली. वर्षभर शिकवत होतो तेव्हाच ती बघायला हवी होती. समजा तिचं उत्तर खरंच चुकलं असतं, तरी 'पूर्ण प्रश्न गेला' हे खरं नव्हतं. इथे तपासणारा शेवटचा आकडा पाहून शून्य किंवा पूर्ण असं देत नाही. प्रत्येक उपप्रश्नाला पायऱ्या ठरवलेल्या असतात. कामाचं एखादं पाऊल टाकलं तर 'लो पार्शल क्रेडिट', बरंच पुढे गेलं तर 'हाय पार्शल क्रेडिट', मोठ्या प्रश्नात मधलीही एखादी पायरी. सूत्रं आणि कोष्टकांची पुस्तिका हॉलमध्ये मिळतेच. जुनी आयरिश माणसं तिला अजूनही 'लॉग टेबल्स' म्हणतात, आपल्याकडे क्लार्कचं लॉग टेबल म्हणायचे तसं. त्यातलं योग्य सूत्र घेऊन त्यात योग्य आकडे भरले, तरी काहीतरी पदरात पडतं. आधीच्या भागातला चुकीचा आकडा पुढच्या भागात नीट वापरला, तर पुढच्या कामाचं श्रेयही सहसा बुडत नाही.

मी मात्र तिचा पेपर सीईटीच्या मापाने मोजत होतो. चार गोलांपैकी एक काळा करायचा, बरोबर तर दोन गुण, नाहीतर शून्य. तिथे उत्तर जुळलं की गुण जुळले. इथे शाळेबाहेरच्या भिंतीशी मुलं जे जुळवत होती, तो कामाचा शेवटचा आकडा होता. गुण त्याच्या वरच्या दहा ओळींत होते, आणि त्या ओळी उत्तरपत्रिकेत बंद होऊन गेल्या होत्या.

याचा अर्थ उत्तरं जुळवणं वाईट, असं मी म्हणणार नाही. कधी कधी मुलांनी जुळवलं म्हणूनच मोठ्यांच्या चुका सापडतात. २०२५ च्या आपल्या एमएचटी-सीईटीचंच बघा. २७ एप्रिलच्या सत्रात गणिताच्या पन्नासपैकी २१ प्रश्नांचे पर्याय चुकीचे निघाले. मुलं बाहेर येऊन सांगत होती, की गणित सुटतंय पण उत्तर चारांपैकी एकातही नाही. ओरड झाली, सीईटी सेलला चूक मान्य करावी लागली आणि ५ मे रोजी २७ हजारांहून जास्त मुलांची फेरपरीक्षा झाली. आयर्लंडही काही धुतल्या तांदळाचं नाही. २०१३ मध्ये हायर लेव्हल गणिताच्या दुसऱ्या पेपरात एका प्रश्नात चूक राहिली होती, ती आयोगाला मान्य करावी लागली. २०२३ चा पहिला पेपर इतका अवघड वाटला, की मुलं रडत बाहेर आल्याच्या बातम्या झाल्या.

आणि माझ्या धंद्याला लाज आणणारं उदाहरण २०२० चं. कोविडमुळे परीक्षा रद्द झाली, शिक्षकांनी अंदाजे गुण दिले आणि ते संगणकाच्या एका प्रणालीतून काढले. निकाल ७ सप्टेंबरला लागला. काही दिवसांनी प्रोग्रामिंगमध्ये चूक सापडली. मुलांच्या आधीच्या परीक्षेतले सर्वांत चांगले दोन विषय हिशेबात धरायचे होते, ते सर्वांत कच्चे दोन धरले गेले होते. सहा हजारांहून जास्त मुलांना किमान एका विषयात कमी ग्रेड मिळाली होती. ती वाढवून दिली, आणि ज्यांना चुकून जास्त मिळाली होती त्यांची तशीच ठेवली. ही चूकही कोणीतरी पुन्हा ताडून पाहिलं म्हणूनच हाती लागली ना?

तेव्हा ताडून बघावं. पण कधी आणि कशाशी, हा प्रश्न आहे. पेपर चुकीचा निघाला तर त्याच दिवशी बोलावं. स्वतःचं काम तपासायचं असेल, तर इथे त्यासाठी वेळ ठरलेली आहे. निकाल ऑगस्टच्या शेवटी लागतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत मुलांना स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघता येते, त्याला पैसे पडत नाहीत. शेजारी मार्किंग स्कीम ठेवायची आणि ओळ न् ओळ पाहायची. पटलं नाही तर अपील. ते खरं उत्तरं जुळवणं. शुक्रवारी संध्याकाळी आठवणीतला प्रश्न आणि आठवणीतलं उत्तर मामाच्या अहंकाराशी जुळवणं, हे काही खरं नव्हे.

सोमवारी दुसरा पेपर देऊन भाची बाहेर आली. गाडीचं दार उघडण्याआधीच तिने हात वर केला. "विचारू नकोस." मी विचारलं नाही. आम्ही घरी गेलो, ताईने केलेली साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि क्रिकेटबद्दल बोललो.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. गणितात एच-२, म्हणजे ८८ आणि वरचे २५. यादीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या कोर्सला प्रवेश मिळाला, आणि आता ती तिथे रमली आहे. सप्टेंबरमध्ये आम्ही दोघांनी तिची उत्तरपत्रिका पाहिली. कर्जाच्या गणिताला पूर्ण गुण होते. एच-१ हुकला तो दुसऱ्या पेपरातल्या त्रिकोणमितीत, एक अट वाचायची राहिल्यामुळे. तो प्रश्न आमच्या त्या शुक्रवारच्या चर्चेत असणं शक्यच नव्हतं, कारण तो पेपर तेव्हा व्हायचा होता. मी मात्र राहून राहून विचार करतो. ती अट तिच्या नजरेतून सुटली, त्यात शुक्रवारच्या न झालेल्या झोपेचा वाटा किती? त्याची मार्किंग स्कीम कुठे मिळत नाही.

परदेशात असलो की गावाकडच्या आपल्या माणसांना काय चाललंय ते नीट दिसत नाही, म्हणून ती फोनवर विचारत राहतात. "पेपर कसा गेला? किती सुटला? शेजाऱ्यांच्या मुलाला किती पडतील?" काळजीपोटीच असतं सगळं. पण साता समुद्रांपलीकडून आलेल्या त्या एका प्रश्नावर इथलं मूल पुन्हा पूर्ण पेपर लिहायला बसतं. मावशी पेपरचं विचारायला विसरली नव्हती, हे मला आता कळतं. तिने दोन मुलं आणि तीन नातवंडं परीक्षांना बसवली आहेत. आधी काय विचारायचं ते तिला ठाऊक होतं.

आता धाकट्या भाच्याची पाळी आहे. तोही हायर लेव्हल घेणार म्हणतो, पंचवीस पॉइंट्ससाठी. रविवारची शिकवणी पुन्हा सुरू झाली आहे, या वेळी मार्किंग स्कीम पहिल्या दिवसापासून टेबलावर असते. ताईने आताच सांगून ठेवलंय, "शुक्रवारी त्याला आणायला तूच जा. पण पेन घरी ठेवून ये."